एका बारमध्ये एकच घास: बास्क लोकांचा पिंचो म्हणजे नक्की काय?

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये गेली काही वर्षं एक केक हमखास दिसतो. वरून जवळपास काळा होईस्तोवर भाजलेला आणि आत खरवसासारखा लुसलुशीत. पाटीवर नाव असतं 'बास्क चीजकेक'. बास्क हे गावाचं नाव, माणसाचं की कंपनीचं, असा प्रश्न पहिल्या चमच्याला पडतो आणि शेवटच्या चमच्यापर्यंत आपण तो विसरूनही जातो. दुसरीकडे, स्पेनमधल्या शहरांत पर्यटकांच्या गर्दीविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरल्याच्या बातम्या 2024 पासून वाचायला मिळतात. त्या शहरांच्या यादीत सान सेबास्तियान हे नाव येतं. तो केकही तिथलाच.

सान सेबास्तियानच्या जुन्या भागातल्या 'ला विन्या' या बारमध्ये सांतियागो रिवेरा यांनी तो 1990 च्या सुमारास करायला घेतला. ज्या बारमध्ये केक मिळतो, त्याच बारच्या काउंटरवर पावाच्या चकत्यांवर मासे, मिरच्या, अंडी, खेकड्याचं सारण रचलेल्या बश्या मांडलेल्या असतात. त्यांना म्हणतात पिंचो. जगभरातून लोक या गावात येतात ते मुख्यतः पिंचोसाठी. तिथली गर्दी आणि तिथला राग दोन्ही समजून घ्यायचे, तर आधी पिंचो समजून घ्यायला हवा. तो वाटतो तितका सोपा नाही, कारण बशीत दिसतो तो त्याचा जेमतेम निम्मा भाग.

## आधी माणसं आणि भाषा

पिरेनीज पर्वतरांग पश्चिमेला जिथे बिस्केच्या उपसागराला भिडते, तिथे बास्क लोकांचा मुलूख आहे. मोठा भाग स्पेनमध्ये, थोडा फ्रान्समध्ये. बिल्बाओ, व्हितोरिया-गास्तेइस आणि सान सेबास्तियान ही स्पेनकडची तीन मुख्य शहरं. सान सेबास्तियानला तिथले लोक आपल्या भाषेत दोनोस्तिया म्हणतात. वस्ती दोन लाखांच्याही आत.

ही भाषा म्हणजे एउस्कारा. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. आजूबाजूच्या स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकी, ही मात्र त्यांच्या आधीपासून तिथे नांदणारी. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, म्हणजे 1939 ते 1975 या काळात, तिला शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार केलं गेलं. आज बारच्या पाट्यांवर ती ठळक अक्षरांत दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. रोमन लिपीत लिहिताना बास्क माणूस 'च'साठी दोन अक्षरांची एक जोडी वापरतो. ती पाहून परका वाचक गोंधळतो, आपल्या देवनागरीत मात्र काम सोपं होतं: पिंचो, चाकोली, चोको.

गोव्याशी या मुलखाचं एक जुनं नातंही आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात ज्यांचं शव जपलेलं आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर बास्क होते. 1506 साली नावारे प्रांतातल्या हावियेर इथल्या गढीत ते जन्मले, आणि एउस्कारा ही त्यांची मायबोली. 'झेवियर' हे नावच 'एचेबेरी' या बास्क शब्दातून आलं, अर्थ 'नवं घर'. गोव्यात आणि मुंबईत झेवियर नावाची हजारो माणसं आहेत, ती सगळी नकळत एक बास्क शब्द घेऊन वावरतात.

## पिंचो म्हणजे टोचलेला घास

स्पॅनिशमध्ये 'पिंचार' म्हणजे टोचणं. पावाच्या चकतीवर काहीतरी रचायचं आणि ते घसरू नये म्हणून वरून लाकडी काडी टोचायची, एवढाच मूळ अर्थ. आता अनेक पिंचोंना काडी नसते, काहींना पावही नसतो, पण नाव टिकलं आहे. आपल्याकडे पत्रावळीची जागा स्टीलच्या ताटाने घेतली तरी 'पान वाढलंय' हे शब्द टिकले, तसं.

बारमध्ये पिंचो दोन प्रकारे मिळतात. थंड पिंचो काउंटरवर उघडे मांडलेले असतात. गरम पिंचो मात्र दिसत नाहीत. त्यांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असतात आणि सांगितल्यावर आत ताजे होतात. नवखा माणूस काउंटरवरच्या रंगांना भुलतो. जाणकार आधी फळा वाचतो, कारण स्वयंपाक्याचा हात त्या गरम पदार्थांत कळतो.

सगळ्या पिंचोंत एक पिंचो असा आहे की त्यात या प्रकाराची सगळी रीत सापडते. त्याचं नाव 'गिल्डा', तिथला उच्चार 'हिल्दा'. काडीवर एक हिरवं ऑलिव्ह, एक खारवलेली अँचोवी आणि मुरवलेल्या हिरव्या मिरच्या. शिजवायचं काहीच नाही. 1940 च्या दशकात सान सेबास्तियानच्या 'कासा व्हायेस' या बारमध्ये वाइनसोबत हे तीन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असत. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने ते एका काडीवर ओवले, असं सांगितलं जातं. त्याच सुमारास रीटा हेवर्थचा 1946 चा 'गिल्डा' हा चित्रपट स्पेनमध्ये पोचला आणि चर्चच्या मंडळींनी त्याच्यावर आगपाखड केली. गिऱ्हाइकांनी या काडीला नायिकेचं नाव दिलं. का? तर ती 'हिरवी, खारट आणि जराशी तिखट' आहे म्हणून. स्पॅनिशमध्ये 'हिरवा' म्हणजे चावट असाही अर्थ होतो. मराठीत 'हिरवट म्हातारा' म्हणतात, अगदी त्याच अर्थाने. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच रंग त्याच कामाला लावावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

या काडीतला एकेक घटक नीट पाहण्यासारखा आहे. अँचोवी हा लहान रुपेरी मासा, आपल्या मांदेलीच्या कुळातला. वसंतात तो बिस्केच्या उपसागरात मोठ्या थव्यांनी येतो. मिठाच्या थरांत कित्येक महिने दाबून ठेवला की त्याचं मांस तांबूस, घट्ट आणि विलक्षण चवदार होतं. या किनाऱ्यावर खारवण्याची ही पद्धत आणली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या इटालियन व्यापाऱ्यांनी. मासा इतका पकडला गेला की 2005 मध्ये साठे कोसळले आणि ही मासेमारी जवळपास पाच वर्षं बंद ठेवावी लागली. 2010 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. काडीवरचा तो बोटभर मासा गृहीत धरू नये, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आणि मिरची. इबारा गावची ही लांबट, कोवळी मिरची विनेगरमध्ये मुरवतात. तिखटपणा नावापुरताच, कोल्हापूरकराला तर तो जाणवणारही नाही. तिचं बास्क नाव 'पिपारा'. हा शब्द लॅटिनमधल्या मिरीच्या नावावरून आला, लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला, आणि ग्रीकमध्ये तो गेला भारतातून, 'पिप्पली' या शब्दावरून. म्हणजे आपली पिंपळी. मिरची हे झाड अमेरिकेचं, तिथून ते स्पेनमध्ये उतरलं आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आलं. झाडाने एका दिशेने प्रवास केला आणि नावाने उलट्या दिशेने.

गिल्डा खायची रीत: तोंडात एकदम घालायची आणि काडी ओढून काढायची. मीठ, आंबट, तिखट आणि ऑलिव्हचं तेल एकाच वेळी लागलं पाहिजे. अर्धी खाऊन उरलेली बशीत ठेवली तर ते तीन वेगळे पदार्थ होतात.

## मग हे तापासच ना?

हा प्रश्न बास्क माणसाला विचारला की तो थोडा दुखावतो. तापास हा स्पेनभरचा प्रकार. 'तापा' म्हणजे झाकण. ग्रानादासारख्या शहरांत आजही पेय मागवलं की सोबत छोटी बशी आपोआप येते, फुकट. ती बारवाल्याच्या मर्जीने येते, तुम्ही निवडत नाही. पिंचो मात्र तुम्ही निवडता आणि त्याचे पैसे देता. तो पेयासोबतचा चखणा राहिलेला नाही, स्वतः एक पदार्थ झाला आहे. त्यामुळे बारवाल्याला त्यात जीव ओतावासा वाटतो. फुकट बशीवर कोणी दोन तास घालवणार नाही, पण पैसे देऊन मागवल्या जाणाऱ्या घासासाठी शेजारच्या बारशी स्पर्धा लागते.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. तापासच्या बश्या टेबलावर मांडून, बसून, वाटून खाता येतात. पिंचो उभ्याने खायचा असतो आणि खाऊन निघायचं असतं.

## संध्याकाळ कशी चालते

आता बशीबाहेरचा भाग. बास्क माणसाला लहानपणापासूनची एक टोळी असते, तिला म्हणतात क्वाद्रिया. शाळेत, गल्लीत जमलेली ही मैत्री बहुतेकांची म्हातारपणापर्यंत टिकते. आपल्या कट्ट्यावरच्या कंपूसारखी, फक्त हा कट्टा एका जागी नसतो, तो चालत असतो. संध्याकाळी सात-साडेसातला क्वाद्रिया जमते. सगळे सारखे पैसे काढतात. कॉलेजात आपण 'काँट्री' काढतो तसे. या सामायिक पैशांना 'बोते' म्हणतात. तो एकाकडे राहतो आणि रात्रभर सगळ्यांचं बिल तोच देतो. कोण किती प्यायलं, कोणी काय खाल्लं, याचा आपसात हिशोब होत नाही.

मग पहिला बार. प्रत्येकाला एक छोटं पेय. वाइनच्या छोट्या पेल्याला 'चिकितो' म्हणतात आणि या फिरस्तीला त्यावरूनच नाव पडलं, 'चिकितेओ'. बिअर हवी असेल तर 'सुरितो' मागायचा, म्हणजे अगदी लहान ग्लास. ही चक्क कटिंग बिअर आहे. टपरीवर पूर्ण चहा न घेता कटिंग घेण्यामागे जो हिशोब असतो तोच इथे: पुढेही प्यायची आहे. दारू न पिणारा 'मोस्तो' घेतो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. किनाऱ्यावरची खास वाइन म्हणजे चाकोली, आंबटसर, हलक्या बुडबुड्यांची. ती बाटली उंच धरून धारेने ओततात, आपल्याकडे चहावाला चहा वरून खाली घेतो तशी, म्हणजे तिच्यातला वायू जागा होतो.

पेयासोबत एक पिंचो. क्वचित दोन. पंधरा-वीस मिनिटं गप्पा, आणि मग निघायचं. पुढचा बार दहा पावलांवर असतो. असे चार-पाच बार झाले की रात्रीचं जेवण झालेलं असतं, कुठेही टेबल न धरता.

आता या 'एका बारमध्ये एकच घास' या सवयीचा परिणाम पाहा. गिऱ्हाईक सगळं जेवण तुमच्याकडे करणारच नसेल, तर तुम्हाला पन्नास पदार्थांचं मेनूकार्ड छापायची गरज उरत नाही. एकच गोष्ट अशी करा की लोक तेवढ्यासाठी तुमच्या दारात थांबतील. सान सेबास्तियानचे जुने बार असेच एकेका पदार्थावर उभे आहेत. 'चेपेचा'मध्ये अँचोवी, तीही कितीतरी तऱ्हांनी. 'गोइस आर्गी'त काडीला लावलेली कोळंबी. 'गानबारा'त रानातली मश्रूम भाजून, वर अंड्याचा कच्चा बलक. 'नेस्तोर'मध्ये तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. ते दिवसातून दोनदाच होतं, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, आणि तुकडा हवा असेल तर आधी येऊन नाव सांगून ठेवावं लागतं. एका मोठ्या हॉटेलचं मेनूकार्ड फाडून त्याची पानं गल्लीतल्या दुकानांत वाटून टाकावीत, तशी ही व्यवस्था आहे. मेनू पूर्ण वाचायचा तर चालावंच लागतं.

म्हणून लंडनमध्ये किंवा मुंबईत एका टेबलावर बसून 'पिंचो प्लॅटर' मागवला की चव चांगली असली तरी काहीतरी निसटतं. त्या ताटात सहा घास असतात, पण सहा दुकानं नसतात.

## हिशोब कोण ठेवतं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात जास्त धक्का बसतो तो इथे. जुन्या पद्धतीच्या बारमध्ये तुम्ही काउंटरवरचे थंड पिंचो स्वतः उचलता आणि खाता. कोणी लिहून घेत नाही. निघताना बारवाला विचारतो, काय काय घेतलं? तुम्ही सांगता. तो तोंडी बेरीज करतो. काही ठिकाणी बशीतल्या काड्या मोजतात, पण ती काडी खिशात घालणं काय अवघड आहे? तरीही हे चालतं.

भाबडेपणाने चालतं असं समजू नये. शहर लहान आहे आणि माणसं तीच. त्याच बारमध्ये पुढच्या गुरुवारी यायचं असतं, त्याच क्वाद्रियासोबत. दोन युरो वाचवण्यासाठी चाळीस वर्षांची ओळख कोण पणाला लावेल? आपल्या गावच्या वाण्याकडची उधारीची वही याच ताकदीवर चालते. वही खरी की खोटी हे कुणी तपासत नाही, कारण दोघांनाही एकमेकांवाचून भागणार नसतं. ओळख संपली की ही पद्धतही संपते, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

## 'बार' म्हटलं की बायका-मुलं कशी?

आपल्याकडे 'बार' या शब्दाला काळोखी काच आणि परमिट रूमचा वास चिकटलेला आहे. तिथला बार मात्र सकाळी कॉफी देतो आणि अकराच्या सुमारास न्याहारीवजा घास. त्या खाण्याला 'आमाइकेताको' असं गोड नाव आहे, 'आमाइका' म्हणजे अकरा. रविवारी दुपारी आजी, नातवंडं, बाबागाडी, कुत्रा असा सगळा लवाजमा बारबाहेर उभा असतो. पिऊन झिंगणं तिथे हास्यास्पद मानलं जातं, पेले लहान असण्याचं तेही एक कारण.

पण हे चित्र कायम असं नव्हतं. जुना चिकितेओ हा पुरुषांचा कार्यक्रम होता. याचंच दुसरं टोक म्हणजे 'चोको', सभासदांसाठीचे खाद्यमंडळ. सान सेबास्तियानमध्ये ही मंडळं एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. 'उनियोन आर्तेसाना' 1870 सालची, आणि ती आजही आहे. सभासद स्वतः येऊन स्वयंपाक करतात, कपाटातलं तेल, वाइन वापरतात आणि काय वापरलं ते स्वतःच लिहून पैसे ठेवतात. हिशोबाची पद्धत पुन्हा तीच. फ्रँकोच्या काळात या चार भिंतींआड एउस्कारातून बोलता-गाता येत असे, याचं मोल मोठं आहे. मात्र या स्वयंपाकघरांत बायकांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता, आणि काही मंडळांत अजूनही त्या पाहुण्या म्हणून जेवू शकतात, चुलीपाशी जाऊ शकत नाहीत. घरी रोजचं रांधणाऱ्या बाईला मंडळाच्या चुलीपाशी मज्जाव, ही परंपरा कितीही जुनी असली तरी मला ती पटत नाही. अनेक मंडळांनी हा नियम मोडला, ते बरंच झालं. बारमध्ये तर आता बायकांच्या क्वाद्रिया पुरुषांच्या इतक्याच दिसतात, आणि काउंटरच्या आतही.

## इतकं चांगलं खाणं इथेच का पिकलं?

समुद्र आणि डोंगर यांच्यात तासाभराचंही अंतर नाही, हे पहिलं कारण. किनाऱ्यावर अँचोवी, हेक मासा, खेकडे. डोंगरात लाच्या जातीच्या मेंढ्या आणि त्यांच्या दुधाचं इदियासाबाल चीज. शिवाय खारवलेला कॉड. बास्क खलाशी सोळाव्या शतकात देवमासे आणि कॉड यांच्यामागे पार अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्यावर जात. तिथल्या रेड बे या ठिकाणी त्यांचा तळ होता, आणि त्याला आता जागतिक वारशाचा दर्जा आहे.

दुसरं कारण पैसा. 1845 मध्ये राणी इसाबेल दुसरी सान सेबास्तियानला समुद्रस्नानासाठी आली आणि त्यानंतर राजघराण्याचे उन्हाळे इथे सरू लागले. राणी मारिया क्रिस्तिनाचा मिरामार राजवाडा 1893 मध्ये उभा राहिला. दरबारी लोक आले की त्यांच्यामागून फ्रेंच शिकलेले आचारी येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या बारवाल्यांनी काउंटरवर सजवलेले छोटे घास मांडायला सुरुवात केली.

तिसरा टप्पा 1976 नंतरचा. हुकूमशाही नुकतीच संपली होती. हुआन मारी आर्साक आणि पेद्रो सुबिहाना हे तरुण आचारी फ्रान्सच्या पॉल बोक्यूस यांच्या विचारांनी भारावले आणि त्यांनी आपल्या सवंगड्यांसह 'नवं बास्क स्वयंपाकघर' नावाची चळवळ उभारली. विस्मरणात गेलेल्या घरगुती पाककृती शोधायच्या, हंगामातलंच वापरायचं, पीठ घालून दाट केलेले रस्से हलके करायचे. आर्साक यांच्या रेस्टॉरंटला 1989 मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले. सामान्य माणसाला तिथे रोज जेवणं परवडणारं नव्हतं, पण तिथे शिकलेली मुलं गल्लीतल्या बारमध्ये कामाला लागली. दोन-चार युरोंच्या बशीत तेच तंत्र उतरलं. 'ला कुचारा दे सान तेल्मो'सारख्या बारने तर काउंटरवर काही मांडणंच बंद केलं, सगळं सांगितल्यावरच ताजं करायचं. त्याला लोक 'छोट्या आकारातला मोठा स्वयंपाक' म्हणतात.

## एवढासा घास आणि एवढे पैसे?

साधा पिंचो साधारण दोन ते चार युरोंना मिळतो, गरम आणि खास असेल तर जास्त. पाच बार फिरून पोट भरलं की रेस्टॉरंटमधल्या साध्या जेवणाइतका खर्च होतो. स्वस्तात पोट भरायला हा मार्ग नाही, हे कबूल करायला हवं. स्थानिक लोकांनाही ते जाणवतं. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला व्हितोरिया-गास्तेइसमध्ये 'पिंचो-पोते' ही पद्धत निघाली: आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी, बहुधा गुरुवारी, एका वस्तीतले बार एक पेय आणि एक पिंचो मिळून ठरावीक कमी किमतीत देतात. मंदीच्या वर्षांत ही पद्धत सगळीकडे पसरली.

शाकाहारी वाचकाने निराश व्हायचं कारण नाही, पण सावध राहायला हवं. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून जाड मीठ भुरभुरून देतात, आपल्या तळलेल्या मिरच्यांच्या सख्ख्या बहिणी. अंडं चालत असेल तर तोर्तिया आहे, मश्रूम आहेत. इदियासाबाल चीजमध्ये मात्र कोकराच्या पोटातलं विरजण असतं. भाज्यांच्या पिंचोतही हॅमचा किंवा माशाचा बारीक तुकडा निघू शकतो, त्यामुळे विचारून घेतलेलं बरं.

## मग लोक चिडले कशावरून?

इथवर आल्यावर मोर्चाची बातमी नीट वाचता येते. ही सगळी व्यवस्था काही गोष्टींवर उभी आहे: लोक चालते राहणार, लवकर जागा सोडणार, परत येणार आणि खरं सांगणार. पर्यटकांचा मोठा गट येतो तेव्हा तो एकाच बारमध्ये थांबतो. मोठी बशी मागतो, काउंटरवरचे आठ-दहा पिंचो एकदम भरून घेतो आणि टेबल शोधतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण असं गिऱ्हाईक पुन्हा येणार नसतं, त्यामुळे बारवाल्याला एका पदार्थावर नाव कमावण्याची गरज वाटेनाशी होते. त्याऐवजी रंगीत दिसणारे वीस प्रकार मांडणं फायद्याचं ठरतं. मग बाहेरच्या कारखान्यातून तयार माल येतो आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो. काही बारमध्ये आता घेतानाच पैसे मोजावे लागतात, कारण समोरच्याची ओळखच नसते. जुन्या वस्तीत घरांची जागा पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्या घेतात, रहिवासी दूर जातात, आणि संध्याकाळी क्वाद्रिया ग्रोससारख्या दुसऱ्या वस्तीत जमते.

यावर हमखास विचारलं जातं, पण पर्यटकांच्याच पैशावर हे शहर जगतं ना? बऱ्याच अंशी हो. राणीच्या काळापासून हे पाहुण्यांचंच गाव आहे, आणि पाहुण्यांमुळेच इथलं खाणं इतकं सुधारलं. मोर्चेकऱ्यांची तक्रार पाहुणा आल्याची नाही, घरातली माणसं उठून गेल्याची आहे. नगरपालिकेने मार्गदर्शकांसोबतच्या गटांवर पंचवीस माणसांची मर्यादा घातली आणि भोंगे वापरायला बंदी केली. गल्ल्या अरुंद आहेत, तेवढाही फरक पडतो. घरभाड्यांचा प्रश्न त्याने सुटणारा नाही, तो वेगळा आणि अवघड आहे.

बिल्बाओच्या जुन्या भागात पेलोता नावाच्या गल्लीत फरसबंदीवर एक तारा कोरलेला आहे. त्या गजबजलेल्या गल्ल्यांमध्ये नेमकं तिथे उभं राहिलं की इमारतींच्या फटीतून टेकडीवरची बेगोन्या मातेची बॅसिलिका दिसते. तिला बिल्बाओकर लाडाने 'आमाचू' म्हणतात, म्हणजे आई. चिकितेओ करणारे म्हातारे दर वर्षी 11 ऑक्टोबरला जमून तिच्यासाठी गाणी म्हणतात. एरवीच्या संध्याकाळी तिथे विशेष काही घडत नाही. एखादी क्वाद्रिया येते, क्षणभर वर बघते आणि पुढच्या बारमध्ये शिरते.

तुमचं कधी जाणं झालं तर आत शिरताना 'काइशो' म्हणा. फळा वाचा, एकच पिंचो सांगा, बशी मोठी मागू नका. आठवणीने मोजा आणि विचारल्यावर सगळं सांगा. निघताना 'एस्केरिक आस्को' म्हणजे धन्यवाद, आणि दारातून 'आगुर'. पुढच्या बारची पाटी तिथूनच दिसत असेल.